नाच पुकारणारे

नाचाविषयी मी लेख लिहिला आहे हे कळल्यावर माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसतील. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षे कवायत आणि लेझीम शिकवली. माझी शिटी त्या पोरांच्या ध्यानात असेल, छडीही असेल. पण गुरुजींना नाचताना त्यांतल्या कोणी पाहिलेले नाही. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मुलीकडे अमेरिकेत गेलो असता, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रीनफील्ड नावाच्या गावी एका शनिवारी रात्री ते घडले, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मानगुटीवर बसला आहे.

ग्रेंज ही तिकडच्या शेतकऱ्यांची जुनी संघटना, १८६७ साली स्थापन झालेली. गावोगाव तिची सभागृहे आहेत. ग्रीनफील्डचे सभागृहही तसलेच : लाकडी जमीन, एका टोकाला छोटा मंच, मंचावर एक फिडल (म्हणजे आपले व्हायोलिनच), एक पियानो आणि एक बाई. खाली शे-सव्वाशे माणसे. कॉलेजातली पोरे होती, पांढऱ्या केसांच्या आज्या होत्या, एक पोस्टमन गणवेशातच आला होता. मी भिंतीकडेच्या बाकावर बसायला निघालो, तर मुलीने दंड धरला.

"अण्णा, बसायचं नाही. ती बाई सांगेल तसं करायचं, बस्स."

"अगं, पण मला येत नाही."

"इथं कुणालाच येत नाही. ती सांगते म्हणून येतं."

त्या वेळी हे बोलणे मला थट्टेचे वाटले. आता वाटते, या नाचाचा शंभर-दोनशे वर्षांचा इतिहास तिने एका वाक्यात सांगून टाकला होता.

नाचाचे नाव काँट्रा. मंचावरच्या बाईला तिकडे 'कॉलर' म्हणतात. सदऱ्याच्या कॉलरशी त्याचा संबंध नाही. कॉल म्हणजे हाक, आणि पुढची चाल कोणती ते हाक देऊन सांगणारा तो कॉलर. मी आपला त्याला पुकारणारा म्हणतो. आधी ती बाई संगीताशिवाय सर्वांना एकदा चालवून घेते. मग फिडल सुरू होते, आणि ती वाजत्या सुरावर दोन-दोन, तीन-तीन शब्द टाकीत जाते.

या नाचाची मांडणी समजल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सभागृहभर लांबच लांब दोन रांगा, समोरासमोर. त्यांत दोन-दोन जोडप्यांचे चौकडे पाडायचे. या चौघांनी आपसांत फेर धरायचा, गिरक्या घ्यायच्या, साखळी करायची, गोफ विणावा तसे एकमेकांच्या आजूबाजूने जायचे. हे सारे चौसष्ट मात्रांत बसवलेले असते, कारण त्यांच्या धुनेचे एक आवर्तनच चौसष्ट मात्रांचे. आवर्तन संपते त्या क्षणी गंमत होते. एक जोडपे रांगेत एक घर खाली सरकलेले असते, दुसरे एक घर वर. आणि दोघांच्याही पुढ्यात नवे जोडपे उभे असते. पुन्हा तेच चौसष्ट. रांगेच्या टोकाला पोचलेले जोडपे एक आवर्तन थांबते आणि उलट दिशेने परत निघते. एका आवर्तनाला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ. दहा मिनिटांत, नाव-गाव न विचारता, तुमचा हात रांगेतल्या बहुतेक प्रत्येकाच्या हातात जाऊन आलेला असतो. माझा त्या पोस्टमनच्याही हातात गेला.

आता इतिहास.

इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद १६४९ साली झाला, आणि कडव्या धर्मनिष्ठांचे राज्य आले. नाटकगृहांना तर आधीच टाळे लागले होते. असल्या दिवसांत लंडनच्या जॉन प्लेफर्ड नावाच्या पुस्तकविक्याने १६५१ साली नाचांचे एक पुस्तक काढले. त्यात शंभराच्या वर नाच, प्रत्येकाची धून आणि खाली चाली. पुस्तक इतके खपले की १७२८ पर्यंत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. त्यातले बरेच नाच 'जितके येतील तितक्यांसाठी' असलेल्या लांब रांगांचे आहेत. हे खेड्यातले, कंट्रीतले नाच. निदान नाव तरी तसे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते फ्रान्सच्या राजदरबारी गेले आणि तिथे कंट्रीचे 'काँत्र' झाले. फ्रेंच भाषेत काँत्र म्हणजे समोरचा, विरुद्ध. रांगा समोरासमोर होत्याच, त्यामुळे चुकीचे नाव बरोबर बसले! भाषेच्या इतिहासात असे घोटाळे पुष्कळ होतात आणि ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. पुढे या काँत्रदांससाठी मोझार्टने धुना लिहिल्या, बेथोव्हेनने लिहिल्या. स्पेनमार्गे हा नाच क्यूबात पोचून तिथलाच झाला. आपल्या गोव्यातला मांडो पाहिलेल्यांना समोरासमोरच्या त्या दोन रांगा, हातातले पंखे, संथ येणे आणि मागे सरणे आठवेल. त्या मांडणीवर युरोपीय दिवाणखान्यांतल्या नाचांची छाया आहे असे जाणकार सांगतात. पण मांडो पाहताना चौघांचे फेर शोधू नयेत. तो वेगळाच जीव आहे.

इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर हे नाच अमेरिकेत उतरले. जॉर्ज वॉशिंग्टनला त्यांचा फार नाद. १७७९ साली, ऐन युद्धाच्या धामधुमीत, छावणीतल्या एका मेजवानीत तो सेनापती ग्रीनच्या पत्नीबरोबर तीन तासांहून अधिक वेळ एकदाही खाली न बसता नाचला, असे खुद्द ग्रीननेच पत्रात लिहून ठेवले आहे. १८१२ सालच्या युद्धात कॅप्टन हलने इंग्रजांचे एक लढाऊ जहाज निकामी केले, तर 'हल्स व्हिक्टरी' नावाचा काँट्रा निघाला. आपल्याकडे लढाई जिंकली की पोवाडा होई; तिकडे नाच झाला. तो अजून नाचतात.

परंतु वॉशिंग्टनच्या त्या नाचात पुकारणारा कोणी नव्हता. हे मला पुष्कळ उशिरा उमगले. त्या काळी नाच यायचाच असे. म्हणजे तो आधी शिकावा लागे. त्यासाठी नृत्यशिक्षक होते, त्यांची फी होती, त्यांनी छापलेली पुस्तके होती. अमेरिकेत छापलेल्या अशा पुस्तकांत अगदी आरंभीचे म्हणून जॉन ग्रिफिथ नावाच्या शिक्षकाचे १७८८ सालचे पुस्तक दाखवतात. रांगेच्या डोक्याशी उभे असलेले पहिले जोडपे नाच सुरू करी. ते खाली सरकत जाईल तसतसे खालचे पाहून-पाहून सामील होत. तोवर ते उभेच. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतली तरुण मंडळी नाचता-नाचता इतके लांबलचक संभाषण कसे करतात, याचे कोडे मला कॉलेजात असल्यापासून होते; त्याचा उलगडा असा झाला. पण यात एक मेख होती. ज्याला शिकायला पैसा आणि सवड, त्यालाच रांगेत डोक्याशी उभे राहता येई. इतरांनी पाहावे.

मग हा पुकारा आला कुठून?

बेंजामिन लाट्रोब हा अमेरिकेच्या संसदभवनाच्या शिल्पकारांपैकी एक. १८१९ साली तो न्यू ऑर्लिन्स शहरी होता आणि रोजनिशी लिहीत होता. तिथल्या एका नाचाच्या समारंभाचे वर्णन करताना तो सांगतो की वादकांच्या सज्जात एक उंच, गबाळ्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस उभ्याने डफ वाजवीत होता, आणि चाल बदलली की पुढची चाल ओरडून सांगत होता. त्याच्या आवाजाविषयी लाट्रोबने अत्यंत वाईट शेरा मारला आहे. नाव लिहिलेले नाही. ते विचारण्याची त्याला गरजच वाटली नसावी. नाच पुकारल्याची जी अगदी जुनी लेखी नोंद अभ्यासकांच्या हाती आहे ती ही, आणि ती अशी तिरस्काराने भरलेली.

फिल जॅमिसन नावाचा एक संशोधक आहे. तो स्वतःही पुकारणारा आणि वादक. त्याने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे साधार मांडले आहे की नाच पुकारण्याची चाल मुळात कृष्णवर्णीय वादकांची. मालकांच्या वाड्यांत गोऱ्यांच्या नाचाला फिडल वाजवायला गुलाम असत. दक्षिणेत तर वादक म्हणजे बहुधा कृष्णवर्णीयच. हे लोक वर्षानुवर्षे तेच नाच पाहत, त्यांच्या चाली त्यांना तोंडपाठ. पुढे आपल्याच वस्तीत नाच झाला तर तिथे कुठला नृत्यशिक्षक आणि कुठली फी? वाजवणाराच सुरात सांगणार : आता असे फिरा, आता तसे. एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचे ही रीत त्यांच्या गाण्यात आफ्रिकेपासून होतीच. इथे उत्तर गळ्याने न देता पायांनी दिले इतकेच. मग गोऱ्या यजमानांनाही त्याची सोय वाटू लागली. शिकण्याचा त्रास वाचला. ज्यांना त्या लाकडी जमिनीवर नाचायला मज्जाव, त्यांच्या शोधामुळे ती जमीन वाटेवरच्या कोणालाही मोकळी झाली, आणि तिचा लाभ दोनशे वर्षांनी साताऱ्याच्या एका म्हाताऱ्याला मिळाला.

असे वादक नावारूपाला आले नाहीत असे नाही. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस जॉन्सनने १८१८ साली आपल्या धुनांचा संग्रह छापला आणि पुढे तो आपला वाद्यवृंद घेऊन इंग्लंडात जाऊन आला. पण वाद्य हातात असणे म्हणजे संरक्षण नव्हे. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र नागरिक, उत्तम फिडलवादक. १८४१ साली वादनाच्याच कामाचे आमिष दाखवून त्याला पळवले आणि दक्षिणेत नेऊन विकले. बारा वर्षे तो लुईझियानात गुलाम होता, आणि तिथे नाताळच्या मेजवान्यांत मालकांच्या नाचाला वाजवायलाही त्यालाच बोलावीत. सुटून आल्यावर १८५३ साली त्याने ते सारे पुस्तकात सांगितले.

आणि ग्रीनफील्ड! मी ज्या गावी नाचलो त्याच गावात एकोणिसाव्या शतकात जॉन पुटनम नावाचा कृष्णवर्णीय न्हावी होता. दिवसा दुकान, रात्री फिडल. नाच पुकारणाराही तोच. आसपासच्या गावांतून त्याच्या वाद्यवृंदाला बोलावणी येत. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

बसलो, कारण मला आमचा हलगीवाला आठवला. लेझीम हलगीवर चालते हे वाचकांना सांगायला नकोच. शाळेच्या मैदानात 'चार आवाज', 'आदि लगाव' हे हुकूम मी द्यायचो, शिटी मी फुंकायचो. पण खरी गोष्ट अशी की चाल बदलायच्या आधी दोन ठोके हलगीचा बोल बदले, आणि पोरांचे पाय माझ्या शिटीआधीच वळलेले असत. नवा डाव बसवायचा असला की मी संध्याकाळी त्याच्या घरी, गावकुसाबाहेर, जाऊन विचारीत असे. वयाने तो माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा. पण मी त्याला अरे-तुरे करी, आणि तो मला गुरुजी म्हणे. एका वर्षी तालुक्यात आमची ढाल आली. प्रशस्तिपत्रावर माझे नाव, संघनायकाचे नाव, मुख्याध्यापकांचे नाव. सत्काराच्या चहाला तो बाहेर पायरीवर बसला होता. मी बशीत चहा ओतून पीत होतो आणि खिडकीतून तो मला दिसत होता. उठून आत बोलावण्याचे मला सुचले नाही. लाट्रोबला दोष देताना माझी लेखणी अडखळते ती यासाठी.

असो. पुढे विसाव्या शतकात या नाचांची पीछेहाट झाली. शहरांत जाझ आले. मोटारवाल्या हेन्री फोर्डला ते सहन होईना. त्याने जुन्या नाचांचा शिक्षक पदरी ठेवला, १९२६ साली त्या नाचांचे पुस्तक काढले. त्याच्या मते हे नाच म्हणजे गोऱ्या अमेरिकेचा सोज्ज्वळ वारसा, आणि जाझ म्हणजे परक्यांची कीड. त्याचे वृत्तपत्र तर जाझचे खापर ज्यूंच्या डोक्यावर फोडीत असे. ज्या वारशाला तो कवटाळीत होता त्याचा पुकारा ज्यांनी दिला, त्यांच्याच नातवंडांनी जाझ घडवला होता, हे त्याला कोणी सांगितले नसावे. सांगितले असते तरी त्याने मानले नसते.

खरे जतन केले ते न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातल्या खेड्यांनी. तिथे राल्फ पेज (१९०३–१९८५) नावाचा एक माणूस होऊन गेला. १९३० साली स्टॉडर्ड गावी ठरलेल्या पुकारणाऱ्याचा ऐन वेळी घसा बसला, म्हणून याला मंचावर ढकलले. तो जन्मभर उतरलाच नाही. त्याने बेथ टॉलमनबरोबर १९३७ साली नाचांचे पुस्तक लिहिले आणि १९४९ पासून पस्तीस वर्षे 'नॉर्दर्न जंकेट' नावाचे छोटे मासिक चालवले, ज्यात नाच, धुना आणि स्वयंपाकाच्या कृती गुण्यागोविंदाने नांदत. त्याच्यामागून डडली लॉफमन आला. साठच्या-सत्तरच्या दशकांत, व्हिएतनामच्या युद्धाला विटलेली लांब केसांची पोरे खेड्यांत राहायला आली, ती याच्या नाचांना लोटली.

आता रचनेविषयी. पुकारा नव्हता तोवर नाच पाठ असावा लागे, म्हणून नाच थोडे. पुकारा आल्यावर पाठांतराची अट सुटली आणि नवे नाच रचण्याला सुमार राहिला नाही. जुन्या नाचांत पहिल्या जोडप्याने मिरवायचे आणि दुसऱ्याने बहुतांशी उभे राहायचे, अशी वाटणी असे. १९५०च्या दशकात हर्बी गॉड्रोसारख्या रचनाकारांनी चौघांनाही सतत काम दिले. टेड सॅनेला, लॅरी जेनिंग्ज यांच्या १९८२-८३च्या पुस्तकांपासून तर रचना हे शास्त्रच झाले. ग्रीनफील्डच्याच परिसरातल्या डेव्हिड केनरचा (मृत्यू २०२१) 'बेबी रोज' हा नाच पहिल्या रात्री मलाही जमला, यावरून त्याची रचना किती सरळ असेल ते ओळखावे.

हे शास्त्र सोपे असेल असे वाटून मी एका दुपारी मुलीच्या स्वयंपाकघरात दोन पेले आणि दोन वाट्या मांडल्या. पेले म्हणजे पुरुष, वाट्या म्हणजे बायका. गिरकी (ही तर आमची फुगडीच, फक्त हात खांद्यावर), मग चौघांचा फेर, मग साखळी. मात्रांचा हिशेब चोख चौसष्ट. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "अण्णा, ही माणसं निघाली तिथंच परत आली. पुढच्या जोडप्याला भेटणार कशी?" फेर पूर्ण घेण्याऐवजी पाऊण घ्यायला हवा होता. तो सुधारला, तर वाटीचा उजवा हात लागोपाठ दोघांना द्यावा लागू लागला. तो सुधारला, तर पेल्याला डावीकडे गरकन वळून लगेच उजवीकडे वळायचे आले. कागदावर ते होते, अंगाला होत नाही. चांगल्या रचनेत एक चाल संपताना शरीराचा जो झोक असतो तोच पुढच्या चालीत घेऊन जातो, नाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही. चार दिवस खटपट केली. आमटी वाढायला वाट्या मिळेनात, तेव्हा जावयांनी मोठ्या अदबीने बटणे आणून दिली.

पुकारण्याचेही असेच. शब्द समेवर टाकला तर उशीर झाला. तो आधीच्या चालीच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत पडला पाहिजे, म्हणजे समेला पाऊल उचलले जाते. माझ्या हलगीवाल्याचे दोन ठोके ते हेच. आणि पाच-सहा आवर्तने झाली, रांगेला नाच अंगवळणी पडला असे दिसले की पुकारणाऱ्याने शब्द गाळायला लागायचे. तीनचे दोन, दोनचा एक, मग काही नाही. अखेरची आवर्तने केवळ फिडलवर जातात. सभागृहात त्या क्षणी लाकडावर पायांचा जो एकदम आवाज उठतो, तो मला फार आवडतो.

यात काही हरवलेही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी नाच आणि धून यांचे लग्न लागलेले असे. 'मनी मस्क' नाचायचा तर 'मनी मस्क'चीच धून. आता चौसष्ट मात्रांची कोणतीही धून चालते. पेजच्या काळातल्या खेडुताला डझनभर नाच हाकेवाचून येत. आजच्या नाचणाऱ्याला एका रात्रीत दहा नवे नाच येतात आणि सकाळी एकही आठवत नाही. पुकारा तोंडात आला तसे स्मरण पायांतून गेले. एका वृद्ध गृहस्थांनी मला हे तक्रारीच्या सुरात सांगितले, आणि मी जोराने मान डोलावली. लगेच लक्षात आले, की पाठांतराची अट राहिली असती तर मी भिंतीकडेच्या बाकावरच असतो.

नवे वादही आहेत. जोडीत डावीकडचा पुरुष आणि उजवीकडची बाई, हे आता कित्येक ठिकाणी सक्तीचे नाही. म्हणून 'लार्क' आणि 'रॉबिन' अशी पाखरांची नावे पुकारतात. ही गेल्या काही वर्षांतली गोष्ट. जुनी मंडळी थोडी कुरकुरतात. मला दोन्ही पाखरे सारखीच अनोळखी, त्यामुळे अडचण पडली नाही. एकदा चुकून रॉबिन झालो, तर पोस्टमनने हसून मला बरोबर जागी वळवले.

साडेदहाच्या सुमारास शेवटचा काँट्रा संपला. अशा रात्रीचा शेवट वॉल्ट्झने करण्याची तिकडे रीत आहे. वॉल्ट्झ जोडीजोडीने नाचतात, त्याला पुकारा लागत नाही. पुकारणाऱ्या बाईने ध्वनिक्षेपक बंद केला, चिठ्ठ्यांची पेटी मिटली आणि ती मंचावरून खाली येऊन कुणा एकाबरोबर नाचू लागली. मुलगी मला म्हणाली, "या अण्णा." मी एकदा मंचाकडे पाहिले. फिडलवाला आणि पियानोवाली वाजवीतच होती.